जुनी मोटार आणि तिची साखळी

(केनवड येथे भरलेल्या आपल्या मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण. सभासदांच्या आग्रहावरून ते येथे छापले आहे.)



आपल्या संमेलनात दरवर्षी विद्वानांची भाषणे होतात. कोणी मुलामुलींच्या शिक्षणावर बोलतो, कोणी विवाहातील अनाठायी खर्चावर. यंदा चिटणीसांनी मला बोलण्याची आज्ञा केली तेव्हा मी त्यांना स्पष्टच सांगितले, की माझे सारे आयुष्य एस. टी.च्या कार्यशाळेत हात काळे करण्यात गेले. मला इंजिनापलीकडचा विषय येत नाही. ते म्हणाले, "मग इंजिनावरच बोला." म्हणून आज मोटारीच्या इंजिनातील टायमिंग चेन, म्हणजे आतली एक साखळी, या विषयावर चार शब्द बोलण्याचे धाडस करीत आहे.

विषय ऐकून काहींना हसू आले आहे, हे मला येथून दिसते. परंतु मंडपात शिरण्यापूर्वी मी बाहेर उभ्या असलेल्या गाड्या पाहून आलो. त्यांतील निम्म्याहून अधिक गाड्या दहा वर्षांपेक्षा जुन्या आहेत आणि बहुतेक दुसऱ्या किंवा तिसऱ्या हाताने घेतलेल्या आहेत. १ एप्रिल २०२० पासून वाहनांच्या धुरासंबंधीचा भारत स्टेज सहा हा नियम देशभर लागू झाला. त्या सुमारास कित्येक कंपन्यांनी लहान डिझेल मोटारी बनविणे थांबविले. परंतु आधी विकलेल्या गाड्या काही नाहीशा झाल्या नाहीत. शहरातल्या पहिल्या मालकाकडून त्या हळूहळू आपल्याकडे, मालेगाव-मेहकर रस्त्यावरच्या गावांत आल्या. आपली कित्येक मुले आज त्यांवर भाडे मारून घर चालवितात. त्या गाड्या चालत्या राहणे हा केवळ हौसेचा प्रश्न नाही, पोटाचा प्रश्न आहे.

प्रथम ही साखळी म्हणजे काय, ते सांगतो. भगिनींनाही कळावे म्हणून सायकलचा दाखला देतो. पायंडल मारले की पुढचे दातेरी चक्र फिरते आणि साखळी ते फिरणे मागच्या चाकाला पोहोचविते. इंजिनातही तसेच आहे. खाली क्रँकशाफ्ट असतो. पिस्टन वरखाली झाले की तो फिरतो. वर कॅमशाफ्ट असतो; तो व्हॉल्व्ह उघडतो आणि मिटू देतो. व्हॉल्व्ह म्हणजे इंजिनाच्या श्वासाचे दरवाजे. हवा आत केव्हा यावी आणि धूर बाहेर केव्हा जावा, हे त्यांच्या उघडझापीवर ठरते. क्रँकशाफ्ट दोनदा फिरला की कॅमशाफ्ट बरोबर एकदा फिरला पाहिजे. खालच्या चक्राला वीस दाते असतील, तर वरच्याला चाळीस असतात. या दोहोंचा मेळ जी राखते, ती टायमिंग चेन. हा मेळ एका दात्याने जरी चुकला, तरी इंजिनाची चाल बिघडते. अधिक चुकला, तर उघडा व्हॉल्व्ह आणि वर येणारा पिस्टन यांची टक्कर होते, व्हॉल्व्ह वाकतात आणि इंजिन जागच्या जागी थांबते.

अशी साखळी काही आजची नव्हे. मँचेस्टरमध्ये कारखाना काढलेल्या हान्स रेनॉल्ड या मूळच्या स्विस कारागिराने १८८० साली बुश असलेली रोलर साखळी सिद्ध केली. ती आधी गिरण्यांतील यंत्रांत व सायकलींत आली आणि पुढे मोटारीतही गेली. आपल्या देशात ज्या दोन गाड्यांनी पिढ्यान् पिढ्या राज्य केले, त्या अॅम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी या दोन्हींच्या इंजिनांत साखळीच होती. मधल्या काळात दातेरी रबरी पट्टा आला. जर्मनीतील ग्लास कंपनीने तो १९६२ च्या सुमारास मोठ्या प्रमाणावर बनविलेल्या मोटारीत प्रथम वापरला, आणि १९८३ साली रस्त्यावर आलेल्या आपल्या मारुती ८०० मध्येही पट्टाच होता. पट्टा ठरावीक अंतरानंतर बदलावाच लागतो. साखळी मात्र इंजिनाच्या जन्माची सोबतीण, असे मानले जाते. त्यामुळे लोक तिला विसरतात, आणि घोटाळ्याला सुरुवात तेथूनच होते.

येथे कोणी विचारील, की अॅम्बेसेडरची साखळी फारसा त्रास देत नसे, मग आताच्या गाडीचीच का देते? याचे उत्तर सोपे आहे. त्या जुन्या इंजिनांत कॅमशाफ्ट खालीच, क्रँकशाफ्टच्या शेजारी असे. साखळी आखूड होती. आताच्या इंजिनांत कॅमशाफ्ट थेट हेडमध्ये, सर्वांत वर असतो. साखळीला खालपासून वरपर्यंत जावे लागते, म्हणून ती लांब झाली. लांब साखळी हेलकावे खाते. ती सरळ राहावी म्हणून दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकच्या गाईडपट्ट्या बसवितात. ती ताणलेली राहावी म्हणून टेन्शनर बसवितात. बहुतेक गाड्यांत हा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल पंपाने पाठविलेले ऑइल त्याचा दांडा पुढे ढकलते आणि दांडा साखळीला दाबून धरतो. म्हणजे साखळीचे प्राण ऑइलमध्ये आहेत, हे ध्यानात ठेवावे.

आमच्या बसगाड्यांच्या इंजिनांत साखळी नसे, एकात एक गुंतलेल्या दातेरी चाकांची रांग असे. त्यामुळे साखळीची विद्या मी नोकरीत शिकलो नाही. ती मी निवृत्तीनंतर, माझ्या भाच्याच्या गाडीवर शिकलो, आणि ती जरा महागात शिकलो. ती हकीकत सांगण्यासाठीच खरे तर मी उभा राहिलो आहे.

माझी बहीण विधवा आहे. तिच्या एकुलत्या एका मुलाने २०२१ सालच्या दिवाळीत एक जुनी डिझेल मोटार घेतली. कोणत्या कंपनीची, ते सांगण्याचे कारण नाही. आईच्या पाटल्या गहाण पडल्या आणि गाडी दारात आली. मुलगा कष्टाळू. रिसोड, वाशीम, अकोला अशी भाडी तो करी. २०२२ च्या पावसाळ्यात एके दिवशी माझी बहीण त्याला म्हणाली, "अरे, सकाळी गाडी सुरू करतोस तेव्हा सुपात तूर पाखडावी तसा आवाज येतो." मुलगा हसला. पुढे महिन्याभरात आवाज दिवसभर येऊ लागला, तेव्हा त्याने गाडी एका गॅरेजात नेली. साखळी सैल झाली आहे असे निदान झाले आणि नवी साखळी बसली. आवाज गेला.

त्याच वर्षी ११ डिसेंबरला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला. आपल्या जिल्ह्यातून गेलेल्या त्या रस्त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. भाच्याला नागपूरची भाडी मिळू लागली. जुने इंजिन तासन् तास त्या वेगाने पळाले की थोडे थोडे ऑइल जाळते. ते पाहण्याची सवय त्याला कोणी लावली नव्हती. २०२३ च्या उन्हाळ्यात तोच आवाज पुन्हा आला. या वेळी दुसऱ्या ठिकाणी स्वस्तातला साखळीचा संच बसविला. तो जेमतेम सहा-सात महिने टिकला.

त्या सुमारास एका लग्नात ती गाडी माझ्या समोर सुरू झाली. आवाज माझ्या कानांनी ऐकला. चौतीस वर्षे इंजिने ऐकलेला माणूस मी. मला कळले नाही असे म्हणता येणार नाही. परंतु मनात आले, की विचारल्यावाचून सल्ला कशाला द्या. दोनदा खर्च करूनही त्याने मामाला विचारले नाही, तर आपण होऊन कशाला जा. अशा मानापमानाच्या विचाराने मी गप्प बसलो. तिकडे त्यालाही वाटे, की मामाकडे गेलो तर आधी बोलणी खावी लागतील. म्हणून तो आला नाही.

जानेवारी २०२४ मध्ये एका रात्री आमच्या आळीतील एका वृद्ध शेतकऱ्याच्या छातीत दुखू लागले. भाच्याने त्यांना गाडीत घातले आणि अकोल्याची वाट धरली. मालेगाव मागे पडले. मेडशीच्या अलीकडे एकदम खटकन आवाज झाला आणि इंजिन बंद पडले. साखळी दात्यांवरून सरकली होती. थंडीची रात्र, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि गाडीत कण्हणारा माणूस. मुलगा रस्त्याच्या मधोमध उभा राहून हात हलवीत होता, असे तो नंतर सांगे. ईश्वराच्या कृपेने मागून एक पिकअप गाडी आली. त्या अनोळखी चालकाने रुग्णाला अकोल्यास पोहोचविले, आणि ते गृहस्थ आज या सभेत पुढच्या रांगेत बसले आहेत. परंतु ती गाडी आली नसती, तर माझ्या मौनाची किंमत कोणी मोजली असती, हा विचार मला अजून रात्री झोपू देत नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून आणली. मी भाच्याला एक शब्द बोललो नाही. ओळखीच्या एका मिस्त्रीबरोबर आम्ही दोघांनी इंजिन उघडले. चार व्हॉल्व्ह वाकले होते. साखळी तर गेलीच होती. परंतु मी ऑइलचे चेंबर उतरविले तेव्हा सारे रहस्य उलगडले. ऑइल पंपाच्या तोंडाशी एक जाळी असते. ती डांबरासारख्या काळ्या गाळाने तीन चतुर्थांश बुजलेली होती. जाळी बुजली म्हणजे ऑइल कमी चढते. ऑइल कमी चढले म्हणजे दाब पडतो, टेन्शनरचा दांडा पुढे येत नाही आणि साखळी सैल राहते. दोन वेळा साखळी बदलली, पण जाळीकडे कोणी पाहिले नव्हते. तापकऱ्याच्या अंगावर नुसत्या ओल्या पट्ट्या ठेवाव्यात आणि ताप कशाचा हे पाहूच नये, तसे झाले. सैल साखळी हे लक्षण होते. रोग ऑइलमध्ये होता.

आता साखळी सैल का होते, ते सांगतो. लोक म्हणतात, चेन ताणली. पोलाद काही गुळाच्या पाकासारखे ताणले जात नाही. साखळीच्या प्रत्येक सांध्यात एक खिळ असते. ती बुशमध्ये फिरते आणि घासते. समजा, एका साखळीत १२० सांधे आहेत आणि प्रत्येक सांधा मिलिमीटरचा केवळ शंभरावा भाग झिजला, तर सारी साखळी १.२ मिलिमीटर लांब होते. शिवाय इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल आणि खालच्या चक्राला वीस दाते असतील, तर अशा साखळीचा प्रत्येक सांधा तासाला वीस हजार प्रदक्षिणा घालतो, आणि दर प्रदक्षिणेत निदान चार वेळा वाकतो व सरळ होतो. म्हणजे तासाला ऐंशी हजार वेळा ते घर्षण होते. मधे स्वच्छ ऑइलचा पातळ थर असेल तर काही होत नाही. परंतु डिझेल इंजिनाच्या ऑइलमध्ये काजळी मिसळत असते. ऑइल वेळेवर बदलले नाही तर तीच काजळी सांध्यांत शिरून कानशीसारखे काम करते.

माझे आजोबा बंडी जुंपण्यापूर्वी आसाला वंगण घातल्याशिवाय कधी निघत नसत. वंगणाचे नळकांडे बंडीखाली टांगलेले असे. कितीही घाई असो, आधी वंगण. त्यांना कोणी यंत्रशास्त्र शिकविले नव्हते. कोरडा आस स्वतः जळतो आणि बैलांची मान मोडतो, एवढे त्यांना माहीत होते. आपण बंडीवरून मोटारीवर आलो, हे चांगलेच झाले. मात्र वंगणाची आठवण बंडीबरोबरच मागे राहिली.

ज्यांच्या गाडीत हा बिघाड पुन्हा पुन्हा होतो, त्यांच्यासाठी अनुभवाच्या काही गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट कानाची. रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू केली की टेन्शनरमध्ये ऑइल चढेपर्यंत क्षणभर खळखळ होऊ शकते. ती लगेच थांबली तर लक्ष ठेवावे. रोज लांबत गेली, किंवा इंजिन तापल्यावरही ऐकू आली, तर गाडी त्याच दिवशी दाखवावी. माझ्या बहिणीचा कान कोणत्याही मिस्त्रीपेक्षा आधी जागा झाला होता. घरातील बाईमाणूस यंत्राबद्दल काही बोलले तर हसू नये.

दुसरी गोष्ट ऑइलची. आठवड्यातून एकदा, गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन थंड असताना डिपस्टिक पुसून पाहावी. गाडीच्या पुस्तिकेत जे ऑइल लिहिले असेल तेच घालावे आणि तेथे दिलेल्या अंतराच्या आतच बदलावे. आपल्या धुळीच्या रस्त्यांवर, भाड्याच्या गाडीत, ते थोडे आधीच बदलणे शहाणपणाचे. फिल्टर प्रत्येक वेळी नवा घालावा. स्वस्त फिल्टरमधली ऑइल परत न जाऊ देणारी झडप नीट नसते. मग रात्रीतून ऑइल खाली उतरते आणि सकाळी साखळी कोरडी पडते. ऑइलच्या दाबाचा लाल दिवा पेटला, तर गाव जवळ आले म्हणून गाडी पुढे रेटू नये. तेथेच इंजिन बंद करावे.

तिसरी गोष्ट दुरुस्तीची. नुसती साखळी बदलू नये. साखळी, टेन्शनर, गाईडपट्ट्या आणि दोन्ही दातेरी चक्रे एकत्र बदलावीत. झिजलेल्या चक्रावर नवी साखळी लवकर झिजते, हे सायकल चालविणाऱ्यालाही ठाऊक असते. त्याच वेळी चेंबर उतरवून जाळी धुवावी आणि ऑइलचा दाब मीटर लावून मोजावा. जुन्या गाईडचा तुकडा मोडलेला आढळला तर त्याचा प्रत्येक कपटा शोधून काढावा. नाही तर तोच जाळीत जाऊन अडकतो. टायमिंग मिळविताना त्या इंजिनाची ठरलेली कुलूप-पिन वापरावी, अंदाजाने खूण करू नये. जोडणी झाल्यावर सेल्फ मारण्यापूर्वी इंजिन हाताने, त्याच्या नेहमीच्या दिशेने, दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा पाहाव्यात. ही पाच मिनिटे जो मिस्त्री देतो, त्याला चार पैसे जास्त द्यावेत. पुली-बोल्ट ठरलेल्या ताकदीने टॉर्क पान्ह्याने आवळला की नाही, हेही विचारावे. काढलेला जुना माल परत मागून घ्यावा. त्यात अविश्वास नाही, उघड व्यवहार आहे.

चौथी गोष्ट खरेदीची. जुनी गाडी घ्यायची असेल तर ती सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. विकणारा तुम्ही येण्यापूर्वीच गाडी तापवून ठेवीत असेल, तर बॉनेटवर हात ठेवून विचारावे की ही घाई कशासाठी. ऑइल भरण्याचे झाकण उघडून आत पाहावे. काळा, चिकट थर दिसला तर किंमत करण्यापूर्वी दुरुस्तीचा हिशेब करावा. स्कॅनर लावून क्रँक आणि कॅम यांच्या मेळाची काही तक्रार नोंदलेली आहे का, तेही पाहून घ्यावे.

पाचवी गोष्ट मन घट्ट करण्याची. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. गाडी त्या उंबरठ्यावर आली असेल, इंजिन धूर सोडत असेल आणि ऑइलचा दाब नवी जाळी व पंप घालूनही येत नसेल, तर बेअरिंगेही झिजली आहेत असे समजावे. अशा इंजिनात नवी साखळी घालणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरणे होय. तेथे गाडी सोडून देणे हेच खरे काटकसरीचे लक्षण.

भाच्याच्या गाडीत बेअरिंगे अजून धड होती. आम्ही सारे काही नव्याने, धुऊन पुसून बसविले. काम चालू असताना त्याने एकदा मान खाली घालून विचारले, "मामा, आधीच आलो असतो तर?" मी म्हणालो, "आणि मी आधीच बोललो असतो तर?" त्यानंतर त्या विषयावर आम्ही कधी बोललो नाही. गाडी आजही चालू आहे. ऑइल बदलल्याची तारीख आणि किलोमीटर तो एका वहीत लिहितो. दर महिन्याला ती वही माझ्यापुढे ठेवतो. गेल्या वर्षी पाटल्या सुटून घरी आल्या.

मंडळापुढे माझी एक लहानशी सूचना आहे. आपल्या ज्ञातीत सुतार-लोहारकाम, वीज, पंप, ट्रॅक्टर, मोटार यांची विद्या हातात असलेली माणसे गावोगावी आहेत. त्यांतील बरीच माझ्यासारखी निवृत्त होऊन ओट्यावर बसली आहेत. त्यांची एक यादी पुढील स्मरणिकेत छापावी, आणि टॉर्क पान्हा, दाबाचे मीटर, स्कॅनर अशी चार-सहा महागडी हत्यारे मंडळाने घेऊन होतकरू मुलांना वापरण्यास द्यावीत. दोन वर्षांच्या सजावटीच्या खर्चात ती येतील.

परंतु हत्यारांहून महत्त्वाची गोष्ट आहे, ती वडील मंडळींना व तरुणांना सांगून मी थांबतो. वडिलांनी, आपल्याला ऐकू आलेला आवाज मानापानासाठी पोटात ठेवू नये. तरुणांनी, बोलणी खावी लागतील या भयाने विचारणे टाळू नये. साखळी कोणत्याही एका कडीवर चालत नाही आणि वंगणाशिवाय तर मुळीच चालत नाही. इंजिनात ते वंगण ऑइलचे असते. नात्यांत ते वेळेवर बोललेल्या चार गोड शब्दांचे असते.

 सभा आटोपल्यावर ज्यांना आपल्या गाडीचा आवाज मला ऐकवायचा असेल, त्यांनी ती खुशाल सुरू करावी. मी मंडपाच्या दाराशीच उभा आहे.